रविवारनंतरचे सहा दिवस

इसवी सन १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या बंदराला उतरले. त्यांना खरे म्हणजे जावयाचे होते चीनला. पण त्या काळी गलबत कोणत्या किनाऱ्याला लागेल हे उतारूंपेक्षा वारा आणि तांडेल यांच्या मर्जीवर असे. गाव परके, भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक नावाचा प्रवासी लिहून गेला आहे. त्यांपैकी एका घराने या चौघांना आपल्याकडे उतरवून घेतले. पुढे त्या घरातील नवराबायकोच्या भांडणाचे निमित्त झाले, प्रकरण काजीपुढे गेले, तेथे धर्माचा वाद निघाला आणि अखेर चौघांनाही प्राणास मुकावे लागले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी बाहेरगावी होता. त्याने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या.

या चौघांची नावे चर्चच्या इतिहासात कायमची राहिली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण हा प्रसंग वाचताना आम्हांला त्या चौघांपेक्षा त्या घराची आठवण अधिक येते. अनोळखी माणसे दारात उभी राहिली, तेव्हा कोणीतरी दार उघडले. कोणीतरी पाणी दिले, चार पाने अधिक मांडली. त्या घरात भांडणे होती, म्हणजे ते तुमच्याआमच्या घरासारखेच होते. त्या घरधन्याचे किंवा गृहिणीचे नाव आज ठाण्यात कोणालाही सांगता येणार नाही. धर्मासाठी मरण्याचा प्रसंग हजारांत एखाद्यावर येतो, आणि तोही एकदाच. दार उघडण्याचा प्रसंग मात्र प्रत्येकावर रोज येतो. आमचा आजचा विषय हे रोजचे दार उघडणे हा आहे.

माप कोणाच्या हाती?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ख्रिस्ती माणूस हा नवा पाहुणा नव्हे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी ‘कल्लिआना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद करतो. ते कल्लिआना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज अमलात ठाणे, साष्टी, वसई या भागांत जो समाज ख्रिस्ती झाला, त्याने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पण घरात तो आपली मराठी बोलीच बोलत राहिला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि मग रेल्वे व कारखाने यांच्या मागोमाग गोव्याची, केरळची, तामिळ प्रांताची, अहमदनगर-सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबे या गावांतून स्थायिक झाली. सीरो-मलबार परंपरेच्या ख्रिस्ती लोकांसाठी १९८८ साली कल्याणच्या नावाने स्वतंत्र धर्मप्रांतच स्थापन झाला.

इतकी वर्षे आम्ही शेजारी आहोत. तरी आमच्याविषयी शेजाऱ्यांना काय ठाऊक असते? नाताळचा केक, दारावरचा कागदी तारा, रविवारची घंटा आणि इंग्रजी शाळा. यात दोष शेजाऱ्यांचा नाही. आम्हीच आपला धर्म रविवारच्या तासाभरात बसवून टाकला असेल, तर शेजाऱ्याने तो दुसरीकडे शोधावा कोठे? या व्याख्यानमालेचे बहुसंख्य श्रोते ख्रिस्ती नाहीत, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून आमचा हेतू आधीच सांगून टाकतो. कोणाला आमच्या धर्मात बोलवावे, हा तो हेतू नाही. ख्रिस्ती माणसाची पारख कोणत्या मापाने करावी, ते माप आम्ही शेजाऱ्यांच्या हाती देऊ इच्छितो. दुकानदाराचे माप गिऱ्हाइकाला तपासता आले पाहिजे. धर्माच्या मापाचेही तसेच आहे.

शेजारी कोण?

येशू ख्रिस्ताला एका शास्त्रीपंडिताने विचारले की, शेजाऱ्यावर प्रीती करा असे नियमशास्त्र सांगते, परंतु माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या केली नाही, एक गोष्ट सांगितली. ती लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर एका प्रवाशाला दरोडेखोरांनी लुटले आणि अर्धमेला करून टाकून दिले. त्या वाटेने एक याजक गेला, एक लेवी गेला. दोघेही देवळाच्या सेवेतले. त्यांनी पाहिले आणि दुसऱ्या कडेने निघून गेले. मग एक शोमरोनी आला. शोमरोनी म्हणजे यहुदी लोक ज्यांचा विटाळ मानीत अशा जमातीतला माणूस. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातले, धर्मशाळेत नेले आणि रात्रभर त्याची शुश्रूषा केली.

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिच्या शेवटाकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. दुसऱ्या दिवशी शोमरोनी काय करतो? तो दोन नाणी काढून धर्मशाळेच्या माणसाला देतो, याच्याकडे पाहा म्हणतो, अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द देतो, आणि आपल्या कामाला निघून जातो. तो व्यवसाय सोडत नाही, संन्यास घेत नाही, त्या जखमी माणसाच्या पायाशी जन्मभर बसून राहत नाही. त्याच्याजवळ जे होते, म्हणजे तेल, द्राक्षारस, जनावर, दोन नाणी आणि बाजारातली पत, तेवढेच तो उपयोगात आणतो. त्याच्या प्रवासाला एका रात्रीचा उशीर झाला, इतकेच.

ख्रिस्ती कर्तव्याचे सर्व स्वरूप आम्हांला या उशिरात दिसते. कर्तव्य म्हणजे धंदा, नोकरी, संसार यांच्या बाहेर काढलेला एखादा निराळा तास नव्हे. ज्या वाटेने आपण जात आहोत त्याच वाटेवर, हातात असलेल्याच वस्तूंनी, थोडा उशीर सोसून ते करावयाचे असते. आणि ज्याच्यासाठी करावयाचे तो आपल्या जातीचा, पंथाचा, भाषेचा आहे की नाही, हा प्रश्नच या गोष्टीत निकालात निघाला आहे. कारण जखमी माणूस कोणत्या धर्माचा, हे शोमरोन्याने विचारलेच नाही.

या जुन्या गोष्टीचा आमच्या काळच्या कायद्यावरही ठसा उमटला आहे. रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याच्याच मागे चौकशीचा ससेमिरा लागतो, या भीतीने लोक दुसऱ्या कडेने निघून जात. अशा मदतनिसाला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून मदत करताना काही चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, असे हे कलम सांगते. मदत करणाऱ्याला कायद्याने दिलेले नाव आहे ‘भला शोमरोनी’, इंग्रजीत ‘गुड समॅरिटन’. म्हणजे घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्यावर कोणी पडलेला दिसला तर थांबावयास आता कायद्याची आडकाठी नाही. अडचण उरली ती घड्याळाची.

कचेरी, दुकान आणि पगाराची तारीख

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ जे पोर्तुगीज काळातले चर्च आहे, ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचे आहे. हा योहान रानात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, कडक बोलणारा माणूस. त्याच्याकडे लोक येत आणि आम्ही काय करावे असे विचारीत. अशा विरक्ताने सर्वसंगपरित्याग सांगितला असता तर कोणाला नवल वाटले नसते. पण त्याची उत्तरे पाहण्यासारखी आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, हे सर्वांना. जकातदारांना त्याने सांगितले की ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक वसूल करू नका. शिपायांना सांगितले की कोणाला धाक घालून पैसे काढू नका, खोटे आळ घेऊ नका, आणि आपल्या पगारात समाधान माना.

जकात खाते सोडा, असे तो म्हणाला नाही. खुर्चीवर बसा, पण नीट बसा, इतकेच त्याचे म्हणणे. ज्या गावांतून रोज सकाळी लाखो माणसे मुंबईच्या कचेऱ्यांकडे जातात, त्या गावांना याहून उपयोगी उपदेश कोणता असेल? फाईल मुद्दाम अडवून न ठेवणे, खिडकीवर आलेल्या खेडूत माणसाला दोन वेळा समजावून सांगणे, तराजूची दांडी सरळ ठेवणे, गॅरेजमध्ये जुना भाग बसवून नव्याचे पैसे न लावणे, ही ख्रिस्ती माणसाची रोजची उपासना आहे. ती केली नाही आणि रविवारी गुडघे टेकले, तर ते नुसते गुडघे टेकणे झाले.

पैशाच्या बाबतीत बायबल फार रोखठोक आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, आणि त्याचे कारणही देते: तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. ही आज्ञा आजच्या डोंबिवलीतल्या एखाद्या इमारतीत नेऊन पाहावी. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला हातात पडतो की चार वेळा आठवण दिल्यावर? ती आजारी पडली तर तिचे खाडे कापले जातात की आपली रजा जशी भरपगारी तशी तिचीही धरली जाते? जिन्यावर धापा टाकीत पार्सल आणणाऱ्या मुलाला आपण पाणी विचारतो का? इमारतीच्या उद्वाहनातून त्याला वर येऊ न देण्याचा नियम सोसायटीच्या सभेत आला, तेव्हा आपला हात कोणत्या बाजूला वर गेला? धर्माच्या परीक्षेतले हे प्रश्न आहेत, आणि उत्तरपत्रिका तपासणारा बहुधा जिन्यातच उभा असतो.

जक्कय नावाच्या एका श्रीमंत जकातदाराची गोष्ट लूकने सांगितली आहे. येशू त्याच्या घरी जेवावयास गेला. जक्कयाने त्या दिवशी भजन म्हटले नाही. त्याने हिशेब केला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, असे त्याने जाहीर केले. पश्चात्ताप झाला हे खातेवहीवरून कळले पाहिजे, असा या गोष्टीचा सरळ अर्थ आहे.

सहा कामे

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे वर्णन आहे. तेथे न्याय करणारा राजा मंत्रपाठ विचारीत नाही, पंथही विचारीत नाही. तो सहा साध्या गोष्टी विचारतो. भुकेल्याला जेवू घातले का? तान्हेल्याला पाणी दिले का? परक्याला घरात घेतले का? उघड्याला वस्त्र दिले का? आजाऱ्याचा समाचार घेतला का? कैदेतल्याला भेटलात का? आणि जे त्यांच्यासाठी केले ते माझ्यासाठीच केले, असे तो सांगतो.

ही सहाही माणसे शोधण्यासाठी ठाणे-कल्याण सोडून जाण्याची गरज नाही. परका पाहावयाचा असेल तर कल्याण जंक्शनवर जावे. नाशिककडचा आणि पुण्याकडचा असे दोन्ही लोहमार्ग तेथे फुटतात, आणि देशाच्या कोनाकोपऱ्यातून कामाच्या शोधात निघालेला माणूस गाठोडे घेऊन तेथेच उतरतो. भुकेला आणि उघडाही तेथेच, फलाटाच्या टोकाला सापडतो. तान्हेल्यासाठी उन्हाळ्यात रिकाम्या हंड्यांची रांग पाहिली तरी पुरे. आजाऱ्यासाठी ठाण्यात शंभर वर्षांहून जुने मनोरुग्णालय आहे. तेथील बऱ्या झालेल्या कित्येक माणसांना घरी न्यावयास कोणी येत नाही. कैद्यासाठी तर ठाण्याचा जुना किल्लाच मध्यवर्ती कारागृह झालेला आहे. १९१० साली अनंत कान्हेरे यांना जेथे फाशी झाली ते हे कारागृह. त्याच्या भिंतीला लागून आपण रोज जातो. आत गुन्हेगार आहे, कच्चा कैदीही आहे. आणि बाहेर त्याची बायको आहे, जिच्या मुलाला शाळेत इतर मुले चिडवतात. कैद्याला भेटणे सर्वांना जमणार नाही. त्या मुलाला आपल्या मुलाबरोबर अभ्यासाला बसवणे कोणालाही जमेल.

यातले ‘भेटणे’ आणि ‘समाचार घेणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह एक मंडळ काढले. तेच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था म्हणून जगभर पसरले आणि आपल्याकडच्या धर्मग्रामांतही काम करीत आहे. या संस्थेची रीत अशी की, मदत पाठवावयाची नाही. सभासदाने स्वतः त्या कुटुंबाच्या घरी जावयाचे, बसावयाचे, विचारपूस करावयाची. पाठवलेल्या पैशाने पोट भरते, पण एकटेपणा जात नाही.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्याला उपदेश करणे फार सोपे असते. आम्ही राहतो त्या इमारतीत दोन मजले वर एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत असत. जिन्यात भेट झाली की नमस्कार होई. त्याच वर्षी दूरच्या प्रांतातील पूरग्रस्तांसाठी चर्चमध्ये जी वर्गणी जमली, तिच्या याद्या आम्ही मोठ्या उत्साहाने केल्या होत्या. एके दिवशी दूधवाल्याने सांगितले की, वरच्या आजोबांना चार दिवसांपूर्वी रुग्णालयात नेले, आणि त्याआधी आठवडाभर ते अंथरुणालाच खिळून होते. ते परत आले नाहीत. पूरग्रस्तांना पाठवलेली मदत खोटी नव्हती. पण दोन मजले आम्ही चढलो नव्हतो. तो याजक आणि तो लेवी दुसऱ्या कडेने का गेले असतील, हे आम्हांला त्या दिवशी समजले. ते दुष्ट नसतील. त्यांनाही देवळातल्या कामाची घाई असेल.

याउलट, कल्याण-डोंबिवलीतच पाहण्यासारखे उदाहरण आहे. नौदलात सेवा करून निवृत्त झालेले श्री. गजानन माने यांनी येथील कुष्ठरुग्णांसाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामावर कोणत्या चर्चची पाटी नाही. कुष्ठरोग्याला हात लावून बरे करणाऱ्या येशूचे नाव घेणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांना येथे खाली पाहावे लागते, आणि तसे पाहावे लागणे बरे आहे. गोष्टीतला चांगला शेजारीही देवळातला नव्हता, परक्या जमातीतला होता.

एक घोट पाणी

आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासात या रोजच्या कर्तव्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांचे सर्वांत जवळचे वाटते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई कडक सोवळ्यातल्या होत्या. पतीचा धर्म बदलला, संसार मोडला, पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या. पण आपले पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग विचार करता करता त्यांना उमगले की, हा जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांचा आहे. एकदा उमगल्यावर त्यांनी ते व्याख्यानात सांगितले नाही; ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आधीची. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते की त्यांचे खरे धर्मांतर त्या पाण्यानेच झाले होते. पुढे १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात पोरक्या मुलांना त्या घराने आपलेसे केले, तेव्हा ती मुले कोणत्या जातीची हा प्रश्न उरलेलाच नव्हता.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पण तेथे नुसते अन्नछत्र नव्हते. शेती होती, गाई होत्या, विणकाम होते, छापखाना होता, अंधांसाठी ब्रेलचे शिक्षण होते. ज्या बाईला जगाने ओझे ठरवले तिच्या हाताला काम देऊन तिला पुन्हा माणूस म्हणून उभे करणे, ही रमाबाईंची प्रार्थना होती.

रमाबाईंच्या चरित्रातला एक अवघड भाग मात्र झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. त्यांचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो अशी तक्रार झाली. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, ते आणि डॉ. भांडारकर हे शारदा सदनाच्या सल्लागार मंडळावर होते. १८९३ साली त्यांनी राजीनामे दिले आणि कित्येक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केली नाही, आणि स्वतःची प्रार्थनाही दार लावून करावी असे आपल्याला कोणी सांगू नये. रानड्यांचे म्हणणे असे की, पालकांनी मुली ज्या विश्वासाने ठेवल्या त्या विश्वासाला धक्का लागता कामा नये. दोघेही थोर, दोघांचेही बोलणे विचार करण्यासारखे.

या वादाचे ओझे आजही आमच्या प्रत्येक सेवाकार्यावर आहे. ख्रिस्ती माणसाने भाकरी पुढे केली की, या भाकरीला दोरी बांधलेली आहे का, असा प्रश्न शेजाऱ्याच्या मनात येतो. असा प्रश्न आला म्हणून रागावण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याचे उत्तर वागणुकीनेच द्यावे लागेल. आम्ही स्वतःपुरता एक नियम मानतो: ज्या सेवेच्या मोबदल्यात काही मिळावे अशी अपेक्षा आहे, मग ते मत असो, आभार असो की धर्मांतर असो, तो सौदा आहे, सेवा नव्हे. शोमरोन्याने आपले नावसुद्धा सांगितले नाही.

रेव्हरंड टिळकांनाही अखेरच्या काळात हाच विचार छळीत होता, असे दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. पण मिशनच्या पगारी चौकटीबाहेर, या मातीतल्या माणसांत मिसळून ख्रिस्ती जीवन जगता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह अजून जुना झालेला नाही.

तो आग्रह वसईत निराळ्या रूपाने प्रकट झाला. २०१४ पर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि ‘हरित वसई’च्या लढ्यात पाणी, जमीन व बागायती वाचविण्यासाठी ते रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले; २०२४ साली त्यांचे निधन झाले. तान्हेल्याला पाणी देणे म्हणजे पेला पुढे करणे खरेच. पण विहीर आटू न देणे हेही त्याच आज्ञेत येते, हे त्यांनी दाखविले.

आमच्या घरातील केर

माप शेजाऱ्याच्या हाती द्यावयाचे तर ते आधी आपल्या घरात लावले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ते पाणी प्यायल्याला सव्वाशे वर्षे होत आली. पण लग्नाची बोलणी निघाली की, आमच्या ख्रिस्ती समाजातही मूळ जात कोणती, याची चौकशी अजून होते. मराठी बोलणारे, कोकणी बोलणारे, मल्याळी बोलणारे ख्रिस्ती एकाच वेदीपाशी गुडघे टेकतात आणि बाहेर पडताच आपापल्या घोळक्यात उभे राहतात. ज्या दिवशी आमच्या नव्याने आलेल्या, परक्या भाषेच्या कुटुंबाला चर्चच्या अंगणात कोणी बोलावयास मिळत नाही, त्या दिवशी १३२१ मधले ते घर आमच्यापेक्षा मोठे ठरते.

मग करावयाचे काय? मोठ्या योजना आम्ही सांगत नाही. घरी काम करणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या तारखेला द्यावा. महिन्यातून एकदा तरी आपल्या इमारतीतल्या, आपल्या ओळखीच्या नसलेल्या एका दाराची घंटा वाजवावी. कचेरीत आपल्या खिडकीपुढच्या माणसाला उद्या या असे सांगण्यापूर्वी, त्याला उद्याची मजुरी बुडवावी लागेल का, हे विचारावे. गाडीत कोणाला घेरी आली तर साखळीकडे सगळ्यांच्या आधी आपला हात जावा, आणि पुढच्या स्थानकावर त्याच्याबरोबर आपण उतरावे. त्या दिवशी मस्टरवर लाल खूण पडेल. ती खूण म्हणजे शोमरोन्याची ती एक रात्र आहे, असे समजावे.

हे सर्व करावयास ख्रिस्ती असण्याची गरज नाही, असे श्रोते म्हणतील. बरोबर आहे. गरज नाहीच, आणि जे ख्रिस्ती नसून करतात त्यांना आमचा नमस्कार आहे. पण ख्रिस्ती असून जो हे करीत नाही, त्याला मात्र आपले नाव बदलून घ्यावे लागेल. शेजाऱ्यांनी आम्हांला या मापाने मोजावे. चर्चमध्ये आम्ही किती वेळ बसतो ते पाहू नये. सोमवारी सकाळी दारावर कोणी आले, तर दार उघडावयास आम्हांला किती वेळ लागतो, ते पाहावे.